सुतारकामाच्या वर्कशॉपचा चोरी विमा: वर्षभराचा अनुभव

फोंड्याजवळ माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. चिऱ्यांच्या भिंती, वर पत्रे. मोठी मशीनं जमिनीला बोल्टने पक्की केलेली, ती कोण उचलून नेणार? भीती होती ती राउटर, हातातलं रंधा मशीन, ड्रिल, ग्राइंडर यांची. पोत्यात भरून नेता येणारी ही हत्यारं गेली की दुसऱ्या दिवसापासून काम ठप्प. म्हणून गेल्या पावसाआधी बर्गलरी पॉलिसी, म्हणजे फोडून आत शिरून केलेल्या चोरीचा विमा, घेतली. मध्ये क्लेमही करावा लागला.

ओळखीचे बरेच मेस्त (सुतार) समजतात की बँकेने मशीनच्या कर्जासोबत विमा करून घेतला म्हणजे चोरीचीही सोय झाली. तो विमा बहुतेक वेळा आग, वादळ, पूर यांचा असतो. एका जागेवरची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असलेल्या धंद्यांसाठी 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी आहे. तिच्यात चोरी धरतात ती आग किंवा पुरासारखी घटना घडल्यावर 7 दिवसांच्या आत झालेलीच. एरवी रात्री कुणी शेड फोडली तर बर्गलरीचं संरक्षण वेगळं घेतलेलं असावं लागतं.

चोर आत कसा शिरला, हे कंपनी सगळ्यात आधी बघते. कुलूप, खिडकी, पत्रा, काहीतरी तोडल्याची खूण हवी. दिवसा शेड उघडी असताना कुणी ड्रिल उचललं तर भरपाई नाही. साध्या चोरीसाठी जादा प्रीमियम भरून वेगळी जोड घ्यावी लागते. आपल्याच कामगाराने नेलं तर तेही यात बसत नाही.

आमच्याकडे चोरी झाली ती चवथीत (गणेश चतुर्थीत), मागचा पत्रा उचकटून. चवथीला कामगार गावी जातात, आपण मूळ घरी असतो, आणि माझ्या पॉलिसीत शेड सलग 7 दिवस बंद राहिली तर संरक्षण थांबतं असं कलम आहे. एजंटाने हे आधीच बजावलं होतं, म्हणून धाकटा भाऊ मधूनमधून शेड उघडून पॉलिशचं काम करत बसायचा. चोरी त्यालाच दिसली. त्याने कशालाही हात न लावता पोलिसांना फोन केला. पंचनामा झाला, एफआयआरची प्रत मिळाली (ती फुकट मिळते), कंपनीलाही त्याच दिवशी कळवलं.

नुकसान तपासणारा सर्व्हेयर आला तेव्हा खरी मदत झाली मोबाईलमधल्या फोटोंची. प्रत्येक हत्याराची सिरीयल नंबरची पट्टी आणि शेजारी त्याचं बिल, असे फोटो घेऊन ठेवले होते. त्या वस्तूंवर वादच झाला नाही. मात्र भरपाई बाजारभावाने, म्हणजे घसारा वजा करून मिळाली. जुन्या रंधा मशीनचे पैसे इतके कमी आले की नवीन घेताना बरीच भर घालावी लागली. पैसेही उशिरा आले. माल सापडला नाही असा पोलिसांचा अहवाल येईपर्यंत फाईल पुढे सरकत नव्हती, आणि तोवर राउटर मी पदरच्या पैशांनी घेतला. कंपनीच्या माणसांनी तेच तेच कागद पुन्हा मागितले, याचा मात्र राग आला.

रक्कम ठरवताना प्रीमियम वाचवायला जाऊ नका. शेडमध्ये 6 लाखांचा माल असताना विमा 3 लाखांचा काढला, तर 1 लाखाच्या चोरीला 50,000 च हाती येतात, त्यातूनही ठरलेली वजावट, म्हणजे आपण स्वतः सोसायचा भाग, जाते. प्रीमियमवर 18 टक्के जीएसटी वेगळा.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ग्राहकाच्या मालाची नोंद. आमच्याकडे जुन्या घरांतल्या शिसवी खुर्च्या वेत विणायला, पॉलिशला येतात. तशी खुर्ची आज बनवून मिळत नाही, आणि ती माझ्या शेडमधून गेली तर मी त्या घरच्यांना काय तोंड दाखवू? ‘विश्वासाने ठेवलेला माल’ पॉलिसीत लिहून घेतला नसेल तर असा माल धरत नाहीत. माझ्या पॉलिसीत तो होता.

उणीव एकच, पण मोठी: संरक्षण फक्त शेडच्या पत्त्यावर. पणजीला फ्लॅटचं काम चालू असताना हत्यारं रात्री तिथेच राहतात, टेम्पोतही असतात. तिथून गेली तर काही नाही.

पॉलिसी मी पुढे चालू ठेवतोय, यंदा साध्या चोरीची जोड घेऊन. साईटवरच्या हत्यारांसाठी वेगळं कोटेशन मागितलंय. ते परवडलं तर तेही घेईन.