पितळी बॅटरी गेली, लाख लुमेनची आली

मिरगाच्या तोंडावर आमच्या देवगडच्या वाडीत एक टेम्पो आला. भोंग्यावर एकच गजर: 'जुनी बॅटरी द्या, मिलिटरी टॉर्च न्या.' (विजेरीला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात.)

घरात बाबांची पितळी, तीन सेलची बॅटरी होती. वर्षभर ती मध्येच लुकलुकायची, थापटली की पेटायची. टेम्पोवाल्याने ती उघडली, मान हलवली, "काका, ही बाद झाली." जुनीचे दीडशे धरले, वर साडेसहाशे मी मोजले. नवीवर छापलं होतं १,००,००० लुमेन. तिन्हीसांजेला त्याने माडाच्या शेंड्यावर झोत टाकला आणि मी गार. साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब सातशे लुमेनच्या आसपास उजेड देतो. म्हणजे माझ्या मुठीत तसले एकशेचाळीस बल्ब! हा हिशेब तेव्हा सुचेल तर ना.

त्याच रात्री, कातळावरच्या वाटेत, वीस मिनिटांत ती गेली. जुन्या बल्बचं बरं असतं. सेल उतरले की उजेड पिवळा, मग तांबूस होतो, घर गाठायला वेळ मिळतो. हिने सांगितलंही नाही. मोबाइल घरी चार्जिंगला. गडग्याला हात लावत जावं तर फुरसं तिथेच बसलेलं असायचं. पाऊल आपटत, आवाज करत आलो.

दुसऱ्या दिवशी वायरमन भाच्याने आतला सेल काढला. वर छापलेलं '९९०० एमएएच' (सेलात किती वीज मावते त्याचं माप). म्हणाला, या मापाचा, म्हणजे १८६५० नंबरचा, उत्तमातला सेलही साडेतीन हजारांच्या आसपासच जातो. सोनाराच्या काट्यावर ठेवला: २८ ग्रॅम. चांगला सेल पंचेचाळीसच्या आसपास भरतो. आत काय कमी आहे ते कापून बघायचा मोह मला झाला होता. तुम्ही करू नका, लिथियमचा सेल पेट घेतो. असला सेल रात्री उशाशी चार्जिंगलाही लावू नका. वॉरंटी कार्डावरचा नंबर अर्थातच लागत नाही.

टॉर्च घेताना झोत सगळेच दाखवतात. अर्धा तास चालू ठेवायला सांगा, सेल बाहेर काढून हातात तोला.

मग भाच्याने विचारलं, "मामा, जुनी कुठे आहे?" खाऱ्या हवेने स्प्रिंगवर आणि पितळेवर हिरवट थर धरतो, म्हणून ती लुकलुकत होती. पॉलिशपेपर फिरवला असता, तीन सेलला चालणारा एलईडी बल्ब चाळीस रुपयांत बसवला असता, तर झालं असतं. न वापरताना सेल काढून ठेवायचे, एवढंच पथ्य.

आई ओटीवर सगळं ऐकत होती.

"बापाशीन मुंबयसून हाडलली ती बॅटरी. त्येत नवे सेल घातलले. ते तरी काढून घेतलंस मा?"

घेतले नव्हते.