आइसलँडिक उच्चार देवनागरीत टिपण्याची पद्धत : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आइसलँडिक शब्द आधी ऐकायचा, मग तो वहीत रोमनऐवजी देवनागरीत उतरवायचा, एवढीच ही पद्धत. काही महिने रोज वापरल्यावर मत असं, की आइसलँडिक शिकणाऱ्या मराठी माणसासाठी ती इंग्रजीतल्या उच्चार-तक्त्यांपेक्षा सरस आहे. मात्र काही ठिकाणी ती दगा देते, आणि ती ठिकाणं ठाऊक नसतील तर चूकच जिभेवर बसते.

ऐकण्यासाठी आइसलँडची राजधानी रेक्याविक इथल्या आउर्नी माग्नुसोन संस्थेचा ऑनलाइन शब्दकोश पुरेसा आहे. तो मोफत आहे आणि शब्दांचं ध्वनिमुद्रण त्यात ऐकता येतं.

सर्वांत मोठा फायदा पी-टी-के आणि बी-डी-जी या अक्षरांत होतो. आइसलँडिकमध्ये या दोन गटांत फरक आहे तो अल्पप्राण-महाप्राणाचा. शब्दाच्या सुरुवातीचे पी-टी-के म्हणजे फ, थ, ख आणि बी-डी-जी म्हणजे जवळजवळ आपले प, त, क. जोडी या अर्थाचा शब्द ‘फार’ आणि मद्यालय या अर्थाचा ‘पार’. इंग्रजी शब्दांतला पी आपण प असाच म्हणतो, त्यामुळे रोमन वाचलं की ‘फार’चा ‘पार’ होतो आणि समोरच्याला मद्यालय ऐकू जातं. देवनागरीत लिहिलं की ही चूक राहतच नाही. फक्त हा फ दोन्ही ओठ मिटून काढायचा, दात ओठाला लावून नव्हे. एसच्या पुढे मात्र महाप्राण नसतो: स्तोउर (मोठा), स्कोउली (शाळा).

दुहेरी पी-टी-केच्या आधी हकाराचा श्वास येतो. त्यासाठी विसर्ग वापरा: थाःक (आभार), नोउःत (रात्र). ‘एःप्ली’त (सफरचंद) पी एकच आहे, पण पुढे एल असल्याने तिथेही श्वास येतो. आपण ‘दुःख’चं ‘दुक्ख’ करतो, त्याच सवयीने ‘थाक्क’ होतं, ते चूक. ‘थाहाक’ही चूक, कारण विसर्गानंतर स्वर नको. दुहेरी जी मात्र खरंच क्क असतो: अंड्याला ‘एक्क’.

आता दगा देणाऱ्या जागा. थॉर्न (þ) हे आइसलँडिक अक्षर थ नाही. आपला थ स्फोटासारखा सुटतो. थॉर्नमध्ये जीभ दातांजवळ नेऊन हवा घासत सोडायची. कसोटी सोपी आहे: तो ध्वनी दोन सेकंद लांबवता आला पाहिजे. वहीत त्याला नुक्ता देऊन थ़ लिहा. त्याचाच घोष (म्हणजे कंठ थरथरणारा) जोडीदार ध़, तो शब्दारंभी कधीच येत नाही. नुक्ता गाळला तर थ़ाक (छप्पर) आणि थाक (पकड) एकच होतात.

त्याहून फसवे एचएल, एचएन, एचआर. ‘ल्ह’, ‘न्ह’, ‘ऱ्ह’ लिहायचा मोह होतो, पण आपल्या ल्हमध्ये कंठ थरथरतो आणि आइसलँडिकमध्ये तो थरथरत नाही. गळ्यावर बोट ठेवा, जीभ लच्या जागी न्या आणि नुसती हवा सोडा. वहीत अशा अक्षराखाली रेघ ओढा. एचव्ही मात्र सरळ ख्व आहे: ख्वाध़ (काय).

दुहेरी एल बहुतेक वेळा त्ल होतो, पण ‘हालोउ’सारख्या उसन्या शब्दांत आणि लाडक्या नावांत साधाच राहतो. 2010 मध्ये ज्याच्या उद्रेकाने युरोपची विमानं अडकली त्या ज्वालामुखीचं नाव एइयाफ्यात्लायेकुत्ल. यातला ‘ये’ म्हणताना ओठ ‘ओ’सारखे गोल हवेत. ‘कु’मधला स्वर आपला उ नाही, इ म्हणत ओठ गोल करायचे. शेवटचा ल निव्वळ हवेचा. शब्दाच्या मध्ये एफच्या पुढे एल आला की एफचा प होतो, म्हणून विमानतळाचं गाव ‘ख्येप्लावीक’.

स्वरावरची तिरकी रेघ आघात दाखवत नाही आणि लांबीही दाखवत नाही. तो स्वरच वेगळा असतो. रोमन ए (a) अक्षरावर रेघ म्हणजे आउ, ओ (o)वर ओउ, ई (e)वर ये. आघात जवळपास नेहमी पहिल्या अक्षरावर.

प्रदेशभेदाचीही नोंद ठेवा. रेक्याविककडे ‘आकुरेइरी’ म्हणतात, तर त्याच उत्तरेकडच्या गावात जुने लोक ‘आखुरेइरी’ म्हणताना ऐकू येतात. दोन्ही बरोबर. सुरुवातीला दक्षिणेकडचा उच्चार धरा, कारण बहुतेक लोक तोच बोलतात.