डायलिसिस सेंटर निवडताना मशीन नंतर बघा, आधी पेशंटचे हात बघा (आईच्या सेंटरचा रिव्ह्यू)

आईचं डायलिसिस आधी दुसऱ्या एका सेंटरला चालायचं, आता बराच काळ या सेंटरला आठवड्यातून ३ वेळा येतो, ४ तासांची शिफ्ट. इथल्या रिव्ह्यूमध्ये लोकांनी स्वच्छता, एसी, टीव्ही, स्टाफ गोड बोलतो वगैरे लिहिलंय, ते सगळं आहेच. पण मला ज्यासाठी इथे ५ पैकी ५ द्यावेसे वाटतात ती गोष्ट कुणी लिहिलेली नाही. ती म्हणजे इथे फिस्टुला जपतात. डायलिसिसवाल्या माणसाचं आयुष्य त्या एका हातावर अवलंबून असतं हे घरच्यांना फार उशिरा कळतं आणि काही सेंटरवाल्यांना कळूनही ते घाई करतात.

ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी सांगतो. फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर ऑपरेशन करून एकमेकांना जोडतात. मग धमनीतलं जोराचं रक्त शिरेत येतं, शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि मोठ्या सुया टोचता येतात. १९६६ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत जगापुढे मांडली आणि इतकी वर्षं झाली तरी अजून यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. मानेतली नळी, म्हणजे नेक लाईन किंवा परमकॅथ, ही लगेच वापरता येते पण तिच्यातून इन्फेक्शन थेट रक्तात जायची भीती कायम असते, शिवाय नळी बरेच दिवस राहिली की आतली मोठी शीर अरुंद होते आणि मग त्या बाजूच्या हाताला फिस्टुला करायचा म्हटलं तरी हात सुजतो. फिस्टुला तयार व्हायला साधारण ६ आठवडे तरी लागतात, शीर ६ मिलिमीटर रुंद, कातडीखाली ६ मिलिमीटरपेक्षा खोल नको आणि रक्ताचा प्रवाह मिनिटाला ६०० मिली, असा ६ चा हिशोब डॉक्टर लोक सांगतात. म्हणून क्रिएटिनिन (किडनी किती बिघडली ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढत चाललंय आणि नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, म्हणतायत की आता फिस्टुला करून ठेवा, तर पुढे ढकलू नका. आणि त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका, बीपीचा पट्टा बांधू देऊ नका. आईच्या मनगटाच्या शिरा आधीच्या अ‍ॅडमिशनमध्ये सलाईन लावून लावून खराब झाल्या होत्या त्यामुळे सर्जनना मनगट सोडून कोपरापाशी फिस्टुला करावा लागला.

आता सेंटरबद्दल. आधीच्या ठिकाणी दर वेळी त्याच दोन जागी सुई टोचायचे कारण तिथली कातडी बधिर झालेली असते, पेशंटला दुखत नाही, टेक्निशियनलाही सोपं जातं. पण त्याच जागेवर परत परत टोचलं की शिरेची भिंत तिथे कमजोर होते आणि फुगवटा येतो. आईच्या दंडावर असे दोन फुगवटे आलेले होते, बांगड्या तर सोडाच पण ब्लाऊजची बाही पण घट्ट व्हायला लागली होती. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी इथल्या सीनियर ब्रदरनी हात बघितला, बोटांनी चाचपला, स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले काकू आता या दोन जागांना आपण सुट्टी देऊ. फाईलमध्ये हाताचं चित्र काढलं आणि त्यावर दर वेळी सुई कुठे टोचली ते खूण करून ठेवतात, प्रत्येक वेळी थोडं वर सरकत जायचं आणि मग परत खालून सुरू, याला रोप लॅडर म्हणतात. पहिले काही दिवस आई कुरकुरत होती कारण नवीन जागी दुखतं, पण त्यांनी घाई केली नाही, बधिर करायची क्रीम आधी लावून आणायला सांगितलं आणि तेवढ्यावर भागलं. एकाच भोकातून बोथट सुई घालायची पण एक पद्धत आहे, बटनहोल, काही पेशंट ती मागतात कारण दुखत नाही. इथे ती सरसकट करत नाहीत कारण अभ्यासांमध्ये तिच्यात इन्फेक्शन जास्त दिसलंय. मला हे आवडलं की पेशंटला बरं वाटेल म्हणून काहीही हो म्हणत नाहीत, कारण सांगतात.

घरी रोज सकाळी हात लावून बघायला पण यांनीच शिकवलं. फिस्टुलावर बोटं ठेवली की मांजर कुशीत घेतल्यावर जशी घुरघुर लागते तशी लागली पाहिजे, त्याला हे लोक थ्रिल म्हणतात. थ्रिल बंद म्हणजे आत गाठ झाली, त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्यावर टाकायचं नाही. आई आता देवपूजेच्या आधी हात तपासते.

आणि ज्या गोष्टीमुळे मी हा रिव्ह्यू लिहायला बसलो ती अशी. मध्यंतरी सुया काढल्यावर आईचं रक्त थांबायला वेळ लागायला लागला. आम्हाला वाटलं हेपॅरिन, म्हणजे डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध, जास्त झालं असेल. इथल्या टेक्निशियन ताईंनी मशीनवरचा व्हीनस प्रेशरचा आकडा मागच्या सगळ्या शिफ्टच्या शीटमधून काढून एका कागदावर लिहिला आणि दाखवलं की हळूहळू चढत चाललाय. म्हणजे रक्त परत आत जाताना पुढे कुठेतरी अडतंय. त्याच आठवड्यात डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायला पाठवलं आणि खरंच, खांद्यापाशी ती शीर वळण घेऊन मोठ्या शिरेला मिळते तिथे अरुंद झालेली निघाली. कोपराच्या फिस्टुलात ही जागा अरुंद होणं बऱ्याचदा दिसतं असं व्हॅस्क्युलर सर्जन म्हणाले. बलून घालून अँजिओप्लास्टी केली आणि फिस्टुला वाचला. ते आकडे कुणी बघितलेच नसते तर एक दिवस फिस्टुला बंद पडला असता, परत नेक लाईन, परत ऑपरेशन, परत वाट बघा. हे आकडे सगळ्या सेंटरमध्ये शीटवर लिहिलेले असतात हो, वाचतं कोण हा प्रश्न आहे. इथे वाचतात.

दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात साठलेलं पाणी मशीनने काढायच्या बाबतीत पण शिस्त आहे. तासाला किलोमागे १३ मिलीच्या वर पाणी ओढलं तर हृदयाला धोका वाढतो असं संशोधनात दिसलंय. म्हणजे ५५ किलोच्या माणसाचं ४ तासांत २.८ लिटरच्या आसपास, त्याहून जास्त नाही. आधीच्या ठिकाणी आई ४ किलो वाढवून आली की ४ लिटर काढून मोकळे व्हायचे, मग पायात गोळे, बीपी खाली, घरी आणेपर्यंत तोंड पांढरंफटक. इथे वजन जास्त वाढलं असेल तर वेळ वाढवतात किंवा एक्स्ट्रा शिफ्टला बोलावतात आणि सोबत रागावतात पण, की लोणचं पापड बंद करा म्हणजे तहान कमी लागेल. रागावणं बरोबर आहे.

एका डायलिसिसला साधारण १२० लिटर पाणी रक्ताच्या शेजारून जातं, मिनिटाला ५०० मिली गुणिले ४ तास, मध्ये फक्त फिल्टरचा पातळ पडदा. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू गावात डायलिसिसच्या पाण्यात शेवाळाचं विष आलं आणि ५० च्या वर पेशंट गेले. म्हणून मी इथे आल्या आल्या पाणी शुद्ध करायचा आरओ प्लांट बघायचाय म्हटलं, दुसरीकडे अशा मागणीला कपाळावर आठ्या येतात, यांनी चप्पल बाहेर काढायला लावून आत नेलं आणि पाण्याच्या टेस्टची फाईल हातात दिली. हेपॅटायटिस बी च्या पेशंटचं मशीन वेगळं आहे, खोली पण वेगळी.

ट्रान्सप्लांटचं नाव काढलं की काही सेंटर गप्प बसतात, गिऱ्हाईक जाईल म्हणून की काय कोण जाणे. इथल्या मॅडमनी स्वतःहून विचारलं की किडनीच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव घातलंय का. महाराष्ट्रात यासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगर अशी ४ झेडटीसीसी, म्हणजे विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्रं, आहेत, नोंदणी ट्रान्सप्लांट हॉस्पिटलमार्फत होते, कागदपत्रांची यादी त्यांनी लिहून दिली. हिमोग्लोबिन कमी झालं की लगेच रक्त चढवत नाहीत, इंजेक्शन आणि आयर्नवर भर देतात, कारण परक्या रक्ताने शरीरात अँटिबॉडीज तयार होतात आणि पुढे किडनी मॅच व्हायला अवघड जातं. फॉस्फरस कमी करायच्या गोळ्या जेवणाच्या घासाबरोबरच घ्यायच्या, नंतर घेऊन उपयोग नाही, हे पण इथेच नीट समजलं. फॉस्फरस वाढत राहिला तर रक्तवाहिन्यांमध्ये कॅल्शियम बसतं आणि नवीन किडनी ज्या ओटीपोटातल्या धमनीला जोडतात ती धमनीच कडक झाली असेल तर सर्जनला टाका घालायला पण जागा मिळत नाही. आईला शुगर आहे त्यामुळे आम्हाला ही काळजी दुप्पट.

शेजारच्या बेडवर काही दिवस एक शेतकरी दादा होते, घोणस चावून किडनी बंद पडलेली. त्यांची लघवी दर शिफ्टला मोजायचे, वाढायला लागली तसं डायलिसिस कमी करत नेलं आणि बंद झालं. अशी अचानक बंद पडलेली किडनी बऱ्याचदा परत चालू होते, तिच्यावर लक्ष ठेवून डायलिसिस थांबवणारं सेंटर पाहिजे. ते दादा घरी गेले तेव्हा सगळ्या वॉर्डला पेढे वाटले, आईने अर्धाच खाल्ला, शुगरमुळे.

कमी काय आहे ते पण लिहितो. लिफ्ट अधूनमधून बंद असते आणि डायलिसिस झाल्यावर जिना उतरणं म्हणजे हाल, व्हीलचेअर एकच आहे. एसी फार गार ठेवतात, शाल घेऊन जा. नातेवाईकांना बसायला जागा कमी. आणि आहारतज्ज्ञ महिन्यातून एकदाच येतात, ते वाढवायला पाहिजे, नारळपाणी तब्येतीला चांगलं म्हणून पेशंटला पाजणारे नातेवाईक मी इथेच पाहिलेत आणि त्यातलं पोटॅशियम डायलिसिसच्या पेशंटचं हृदय थांबवू शकतं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं, आरोग्यमित्र सकाळी असतात, रेशनकार्ड आणि आधार दोन्ही ओरिजिनल न्या. सकाळची पहिली शिफ्ट कायम फुल असते, दुपारची लवकर मिळते. पहिल्यांदा जाताना हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, फिस्टुलाच्या ऑपरेशनचा कागद, डॉप्लर केला असेल तर तो, आणि आधीच्या सेंटरच्या शेवटच्या काही शीट मागून घेऊन जा, देत नसतील तर अडून बसा, त्या पेशंटच्याच आहेत.