गॉलमध्ये ‘सिलोनी पुष्कराज’ घेण्याआधी हे वाचा

श्रीलंकेला निघाला असाल आणि घरातल्या कुणासाठी पुष्कराज किंवा नीलम आणायचं मनात असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. आमच्या सासूबाईंच्या गळ्यात ७०० डॉलरला ‘अस्सल सिलोनी पुष्कराज’ म्हणून जो खडा मारला, तो कारखान्यात तयार केलेला निघाला. पैसे गेले याचा राग आहेच. पण हा प्रकार किती पद्धतशीरपणे, किती माणसांच्या मदतीने घडवून आणतात ते पाहून मी हादरले, आणि म्हणूनच बारीकसारीक तपशिलासह लिहिते आहे.

आधी एक सांगते, सिलोनी खड्यांचा लौकिक खोटा नाही. रत्नपुरा भागात शेतात खड्डे खणून ‘इल्लम’ नावाचा खड्यांचा थर काढतात, टोपलीत पाण्याखाली धुतात आणि त्यातून खरोखर नीलम आणि पुष्कराज मिळतात. आपल्याकडे गुरूसाठी पुष्कराज आणि शनीसाठी नीलम घालतात, आणि त्यातही सिलोनी म्हटलं की भाव वेगळा. हे तिथल्या दलालांनाही पक्कं ठाऊक आहे. गोऱ्या पर्यटकाला ते ‘इकडे घ्या, तुमच्या देशात तिप्पट किमतीला विका’ म्हणतात. भारतीय बाई दिसली की थेट गुरूचं नाव काढतात.

आमचा बेत साधा होता: यालाचं जंगल, मिरिसाचा समुद्र आणि शेवटी गॉलचा जुना किल्ला. यालाच्या जंगलाबद्दल आणि मिरिसाबद्दल तक्रार करावी असं काहीच नाही. गॉलही अप्रतिम आहे. १५८८ साली पोर्तुगीजांनी तिथे पहिली तटबंदी उभारली, सतराव्या शतकात डचांनी ती वाढवून भक्कम केली, १९८८ पासून हे शहर जागतिक वारसा यादीत आहे. तटावर उभं राहिलं की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला टीव्हीवर शेकडो वेळा पाहिलेलं कसोटीचं मैदान. आत लोक राहतात, मुलं शाळेत जातात, मशीद आहे, डच चर्च आहे. जरूर जा.

तटावरच्या फ्लॅग रॉकपाशी, जिथून पोरं समुद्रात उड्या मारतात, तिथे एक चाळिशीचा माणूस हसत पुढे आला. ‘ओळखलं नाही? मी तुमच्या हॉटेलच्या किचनमध्ये आहे. सकाळी नाश्त्याला पाहिलं तुम्हाला. आज माझी सुट्टी.’ हॉटेलचं नावही त्याने बरोबर सांगितलं. परदेशात ओळख देणारा माणूस भेटला की बरं वाटतंच, शिवाय हॉटेलात रोज तोंड दिसणार असेल तर त्याच्याशी तुटक वागणं जड जातं. हा डाव श्रीलंकेत अगदी जुना आहे. नंतर हॉटेलात चौकशी केली तर किचनमध्ये असा कुणी नव्हताच. आम्हाला किल्ल्यात सोडणाऱ्या टुकटुकवाल्याने ‘कुठल्या हॉटेलात उतरलात’ असं सहज विचारलं होतं. नाव तिथूनच पुढे गेलं असावं, अशी आमची खात्री आहे.

सासूबाईंना त्याने पहिल्या वाक्यापासून ‘अम्मा’ म्हणायला सुरुवात केली. सिंहलीतही आईला अम्माच म्हणतात. त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, पायऱ्या उतरताना हात दिला. मग म्हणाला, उद्या पोया आहे, सगळं बंद असेल, जे बघायचं ते आजच बघा. पोया म्हणजे पौर्णिमेची सुट्टी. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती हे खरं, त्या दिवशी दारूविक्री आणि बरीच दुकानं बंद असतात हेही खरं. या सगळ्या प्रकरणातली खरी मेख हीच आहे. ते लोक सांगतात त्यातल्या दहा गोष्टींपैकी नऊ तुम्ही जागच्या जागी पडताळू शकता आणि त्या बरोबर निघतात.

त्याच्या ‘चुलतभावाच्या’ टुकटुकमधून आम्ही हिक्कडुवाच्या दिशेने निघालो. वाटेत एका कासव केंद्रावर थांबवलं. सिमेंटच्या टाक्यांत पिल्लं ठेवलेली, आणि वेगळे पैसे दिले तर भर दुपारी एक पिल्लू आपल्या हाताने समुद्रात सोडायचं. हे करू नका. कासवाची पिल्लं सहसा रात्री वाळूतून वर येतात आणि अंगातल्या साठ्याच्या जोरावर तडक समुद्रात जातात. टाकीत पोहत ठेवली की तो साठा तिथेच संपतो, आणि दिवसाउजेडी सोडलं की वर पक्षी आणि खाली मासे टपलेले असतात. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या पाच जाती अंडी घालतात आणि पाचही जातींना कायद्याने संरक्षण आहे. आमच्या ह्यांनी पिल्लू सोडायला नकार दिला, तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर गेलं होतं.

तिथून मीटियागोडाला. हे गाव मूनस्टोनच्या खाणींसाठी खरोखरच प्रसिद्ध आहे. आम्हाला नेलं तिथे लाकडी फळ्यांनी आधार दिलेला एक चौकोनी खड्डा होता, वर झापांचं छप्पर, शेजारी पाणी उपसायचा पंप. एक म्हातारा दोरीला धरून खाली उतरला, चिखलाने भरलेली टोपली वर आली. दुसऱ्याने ती पाण्यात गोल गोल फिरवून गाळ काढला आणि उरलेल्या खड्यांतून दोन-तीन चमकदार दाणे उचलून सासूबाईंच्या तळहातावर ठेवले. ओले, थंड, दुधट निळ्या झाकेचे दाणे. त्या क्षणी त्यांचा विश्वास बसला, आणि तो बसावा म्हणूनच हे सगळं मांडलेलं होतं. पण खड्ड्यातून मूनस्टोन निघाला म्हणून शेजारच्या दुकानातला पुष्कराज जमिनीतून आला असं ठरत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही.

दुकान लगतच. एसी, आल्याचा चहा, भिंतीवर फ्रेममध्ये ‘सरकारमान्य’ असं लिहिलेला कागद. काउंटरवरच्या बाईने पांढऱ्या कागदाच्या घडीतून एक खडा काढला, लिंबाच्या सालीसारखा पिवळा, आत डाग नाही, रेघ नाही. ‘अम्मा, ज्युपिटर स्टोन.’ मग तिने खड्याने काचेच्या पट्टीवर ओरखडा काढला, काच चरचरली, खडा जसाच्या तसा. चिमट्यात धरून लायटरच्या ज्योतीत ठेवला, काही झालं नाही. ‘काच असती तर तडकली असती. प्लास्टिक असतं तर वितळलं असतं.’ शेवटी पेनासारखं एक यंत्र टेकवलं, त्यावरचे दिवे लागले. किंमत बाराशे डॉलर सांगितली. पोयाच्या आधीची सवलत, अम्मांसाठी म्हणून आणखी सवलत, असं करत करत सातशेवर आली. कार्डाने पैसे दिले. बिल मिळालं, प्लॅस्टिकचं आवरण असलेलं सर्टिफिकेटही मिळालं.

परत आल्यावर अंगठी घडवण्याआधी खडा रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत दिला. अहवालात लिहून आलं: सिंथेटिक सॅफायर.

तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी जे समजावून सांगितलं ते आधी माहीत असतं तर दुकानातला तो सगळा खेळ तिथेच फसला असता. नीलम आणि पुष्कराज ही एकाच खनिजाची, कोरंडमची रूपं. कोरंडम म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वेर्नई यांनी त्याची पूड प्रखर ज्योतीत वितळवून खडा वाढवण्याची रीत १९०२ साली जाहीर केली. तेव्हापासून असे खडे कारखान्यांत ढिगाने बनतात आणि अगदी स्वस्त मिळतात. हा खडा काचेचा नसतो. रासायनिकदृष्ट्या तो कोरंडमच असतो, कठीणपणाही तोच, मोहस् मापनावर ९. काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे कारखान्यातला खडा काचेवर ओरखडा काढणारच आणि लायटरच्या ज्योतीत टिकणारच. साधा क्वार्ट्जही काच कापतो. ते दिव्यांचं पेन खड्यातून उष्णता किती पटकन वाहते एवढंच मोजतं. खडा जमिनीतला की भट्टीतला हे त्याला कळत नाही. एकही चाचणी खोटी नव्हती, फक्त आपल्याला जो प्रश्न पडलेला असतो त्याचं उत्तर त्यातली एकही देत नव्हती.

मायक्रोस्कोपखाली मात्र फरक दिसतो. ज्योतीत वाढवलेल्या खड्यात हवेचे बारीक बुडबुडे सापडतात, वाढीच्या रेषा वक्र असतात. नैसर्गिक खड्यात त्या सरळ किंवा कोनात असतात, आणि शिवाय सुयांसारखे किंवा बोटांच्या ठशासारखे अंश दिसतात. पिवळ्या खड्यात वक्र रेषा दिसणं अवघड, त्यामुळे आमच्या खड्यात बुडबुड्यांवरून उलगडा झाला. मोठा, गडद आणि आत काहीही नसलेला पुष्कराज परवडणाऱ्या किमतीत समोर आला तर ते संशयाचं पहिलं कारण समजा.

आता बिलाबद्दल, कारण आमचं सर्वांत मोठं नुकसान तिथे झालं. बँकेकडे कार्डाच्या व्यवहाराची तक्रार केली, प्रयोगशाळेचा अहवाल जोडला. बँकेने दुकानाकडून खुलासा मागवला. दुकानाने बिलाची प्रत पाठवली, त्यावर फक्त ‘यलो सॅफायर, १ नग’ एवढंच होतं. ‘नॅचरल’ शब्द कुठेही नाही, कॅरेट नाहीत, कुठली प्रक्रिया केली ते नाही. जे लिहिलं ते दिलं, असं त्यांचं म्हणणं, आणि पहिल्या फेरीत बँकेने ते मान्य केलं. सर्टिफिकेटवर तर खड्याचा फोटोही नव्हता आणि प्रयोगशाळेचा पत्ता म्हणून दुकानाचाच पत्ता छापला होता.

म्हणून श्रीलंकेत खडा घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी बिलावर लिहून मागा: नैसर्गिक, कुठला खडा, वजन कॅरेटमध्ये, उष्णता दिली आहे की नाही, आणि तपासणीत वेगळं निघालं तर पैसे परत. उष्णता देऊन रंग खुलवणं या धंद्यात सर्रास चालतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सचोटीचा व्यापारी ते न विचारता सांगतो. कोलंबोत नॅशनल जेम अँड ज्वेलरी ऑथॉरिटी ही सरकारी संस्था आहे, तिथे खडे तपासून मिळतात. दुकानदाराला सांगा, तिथे तपासू आणि मग पैसे देऊ. जो ‘उद्या बंद’, ‘आज शेवटचा दिवस’ म्हणून घाई करतो त्याच्याकडून घेऊ नका, त्याचा कागद कितीही सरकारी दिसो.

टुकटुक ॲपवरून बोलवा, म्हणजे भाडं आधी कळतं आणि गाडीचा नंबर आपोआप आपल्याकडे राहतो. रस्त्यावर भेटलेला माणूस दुकानात नेतो तेव्हा त्याचं कमिशन तुमच्याच किमतीत मिसळलेलं असतं. मसाल्यांच्या बागांतही हेच चालतं. आणि कुणी ‘मी तुमच्या हॉटेलात काम करतो’ म्हणालाच, तर त्याच्यासमोरच हॉटेलला फोन लावा.

सासूबाईंनी तो खडा डबीत ठेवून दिला आहे. पुष्कराज आयुष्यात एकदा, स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घ्यायचा असं त्यांनी बरीच वर्षं मनात धरलं होतं, आणि त्या माणसाने नेमकं तेच धरून त्यांना अम्मा अम्मा केलं, हे मला अजून सहन होत नाही.

श्रीलंकेत असतानाच संशय आला तर पर्यटकांसाठीचा १९१२ हा क्रमांक लावा, पर्यटक पोलिसांकडे जा. बिल, कार्डाची स्लिप, दुकानाच्या पाटीचा फोटो आणि टुकटुकचा नंबर जवळ ठेवा. आम्हाला सगळं घरी आल्यावर कळलं, त्यामुळे तक्रार ईमेलने पाठवावी लागली. टुकटुकचा नंबर नसल्याने त्या दोघांचा माग लागला नाही. दुकानाविरुद्धची तक्रार चालू आहे, आणि बँकेकडेही आम्ही दुसऱ्यांदा दाद मागितली आहे. या वेळी सर्टिफिकेटवरच्या पत्त्याचा मुद्दा पहिला लिहिला आहे.