माहलरची नववी, बर्नस्टाइन 1979: कापूस विकल्यापासून दसऱ्यापर्यंत ऐकून

ऑस्ट्रियन संगीतकार माहलरची नववी सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदासाठीची चार भागांची रचना), अमेरिकन संचालक बर्नस्टाइननं वाजवून घेतलेली: ज्या ऑनलाइन दुकानातून ही दोन सीडींची पेटी मागवली त्यांच्याशी चाललेलं भांडण आत्ता कुठं मिटलं, म्हणून लिहायला बसलो. दुसऱ्या सीडीवर, सिंफनीच्या शेवटच्या भागात, एके ठिकाणी आवाज अडखळून पुढं उडी मारत होता. फोनवरचा मुलगा म्हणाला, "सर, लाइव्ह रेकॉर्डिंग आहे. जुन्या लाइव्हमध्ये अशा चुका असतातच." डोकंच फिरलं. याच भागात वादकांची एक जगजाहीर चूक आहे आणि ती मला पूर्ण मान्य आहे, तिच्यासकट पैसे मोजले आहेत. सीडीच्या ओरखड्याचे पैसे मोजलेले नाहीत. या दोन गोष्टी एका तागडीत तोलायच्या नसतात, एवढंच मी त्याला पुन:पुन्हा सांगत होतो. त्यात पाकीट दारव्ह्याच्या कुरिअरवाल्याकडं पडून राहिलेलं (आमच्या गावापर्यंत ते येत नाहीत), तोवर परतीची मुदत संपलेली. शेवटी त्या जागेचा व्हिडिओ पाठवला, वरच्या साहेबाशी बोललो, तेव्हा दुसरी सीडी आली. ती स्वच्छ वाजते.

आता मूळ मुद्दा, ट्रॉम्बोन, म्हणजे नळी पुढंमागं सरकवून फुंकायचं पितळी वाद्य. बर्नस्टाइननं बर्लिन फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद आयुष्यात एकदाच हातात घेतला, ऑक्टोबर 1979 मध्ये, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या मदतीसाठी झालेल्या मैफलींत. तेव्हा तिथं मुख्य संचालक कारायानचं राज्य होतं. रेडिओनं ध्वनिमुद्रण केलं, पण डॉइच ग्रामोफोन या रेकॉर्ड कंपनीनं ते बाजारात आणलं 1992 मध्ये, बर्नस्टाइन गेल्यानंतर. शेवटचा भाग बहुतांशी तंतुवाद्यांचा आहे. निम्म्याच्या पुढं गेल्यावर सगळा वाद्यवृंद चढत चढत कड्यावर येतो आणि तिथं ट्रॉम्बोननी पूर्ण ताकदीनं सूर धरायचा असतो. ते येतच नाहीत. एखादा सूर फाटला, अर्धा ठोका उशीर झाला, असं काही नाही. ती ओळच गायब आहे.

एवढ्या पैशात फवारणीचा बरा पंप येतो, हे घरात ऐकून घेतलेलं असल्यामुळं सुरुवातीला ती जागा मला टोचायची. पाच पैकी तीन द्यावे असं ठरवलं होतं. बर्लिनचाच वाद्यवृंद, तीन वर्षांनंतरचा, कारायानबरोबर 1982 चा, माझ्या फोनवर ऐकायला होताच. त्यात ट्रॉम्बोन जागच्या जागी, पितळी वाद्यांचा आवाज भरीव, एकही कोपरा मोडलेला नाही. मग ही पेटी कशाला?

मत बदललं ते उन्हाळ्यात. मे महिन्यात आमच्याकडं पारा 45 च्या आसपास, कूलर बंद करायची सोय नाही, आणि या सिंफनीचं शेवटचं पान इतकं हळू आहे की कूलरच्या घरघरीत ते पार बुडतं. म्हणून शेवटाचा नाद सोडला आणि तो चढाव तेवढा परत परत ऐकत राहिलो. लाइन गेली की टॉवरही जातो, फोन कामाचा राहत नाही. इन्व्हर्टरवर सीडी प्लेअर चालतो. तेव्हा ऐकू आलं ते असं: ट्रॉम्बोन नाहीत, तर त्या जागी व्हायोलिनं उघडी पडतात. त्यांच्या अंगावर पांघरूण उरत नाही. ती दाबून वाजवतात, गज तारेवर घासल्याचा खरखरीत स्पर्श कानाला लागतो, खालून डबल बास (सगळ्यात खर्जातली तंतुवाद्यं) जमीन धरून ठेवतात आणि कोणीही मागं हटत नाही. मधूनच बर्नस्टाइनचा हुंकारही येतो. कारायानच्या रेकॉर्डिंगमध्ये तीच जागा पूर्ण आहे, पण व्हायोलिनांची ही धडपड झाकली जाते. ट्रॉम्बोन चुकले ते बरं झालं असं मी म्हणत नाही. ते हवेच होते. पण ते नसताना बाकीच्यांनी काय केलं हे टेपवर राहिलं, आणि त्याची मला किंमत वाटते.

यात कारायानला कमी लेखायचं नाही. त्यानं हीच सिंफनी 1979 आणि 80 मध्ये स्टुडिओत, पाहिजे तेवढे टेक घेऊन केली होती. तरी 1982 ची मैफलीतली लाइव्ह वेगळी बाजारात आली. सफाईचा एवढा आग्रह असलेल्या माणसानंही मैफलीतली बाजारात येऊ दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सगळ्यात खडबडीत रेकॉर्डिंग संचालक ब्रुनो वॉल्टरचं, व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर, 16 जानेवारी 1938 च्या मैफलीतलं. सिंफनी 1912 मध्ये पहिल्यांदा लोकांपुढं आणली ती वॉल्टरनंच, याच वाद्यवृंदाबरोबर. माहलर त्याच्या वर्षभर आधी, 1911 मध्ये वारला होता. पहिला व्हायोलिनवादक आर्नोल्ड रोझे, माहलरचा मेव्हणा. या मैफलीनंतर दोनच महिन्यांत हिटलरनं ऑस्ट्रिया गिळली. वॉल्टर आणि रोझे दोघंही ज्यू, दोघांनाही देशाबाहेर राहावं लागलं. दहा तबकड्या, वीस बाजू, आणि श्रोत्यांचा खोकला. तिसऱ्या भागात, वेगाच्या जागी, वाद्यवृंद सरळ सरळ विस्कटतो. शेवटचा भाग 18 मिनिटांत संपतो. बर्नस्टाइन त्यालाच 26 मिनिटं घेतो.

मी खोकल्याच्या जागी पुढं ढकलायला बटण दाबलं तर बाजेवर पडलेले बाबा म्हणाले, "काहून पुढं नेलं? वाजू दे न." म्हटलं, बाबा, लोक खोकलतात मधात. "जितीजागती मानसं होय ते, खोकलतीनच." बाबांची सारी हयात खंजिरी भजनात गेलेली. आपल्याकडच्या मैफलींच्या टेपा आठवा: तंबोरा जुळवणं, घसा साफ करणं, समेवर आलेली दाद, सगळं त्यात असतं. आपण त्याला कधी दोष म्हटलं नाही. मग पाश्चात्त्य संगीत ऐकताना आपण एकदम गुणपत्रिका घेऊन का बसतो?

सगळंच चालतं असं मात्र नाही. सूर निसटला, हॉर्न क्षणभर घसरला, चालतं. पण पहिल्या भागात लय ढिली पडली, चेलो आणि हॉर्न एकमेकांचं ऐकेनासे झाले, की मी बंद करतो. तशी काही नावाजलेली, सुबक रेकॉर्डिंगं मी ऐकली आणि सोडून दिली. त्यांत बोट ठेवावं अशी एकही चूक नाही आणि लक्षात राहावी अशी एकही जागा नाही.

पावसाळ्यात टिनावर पाऊस, म्हणून शेवटचं पान राहिलंच होतं. आता रात्री गार पडायला लागल्या, पंखाही लागत नाही. वायरवाला हेडफोन लावून ऐकतो. म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावलेली तंतुवाद्यं, दोन-दोन सुरांचे तुकडे, मध्ये शांतता. स्वस्त ब्लूटूथ स्पीकरवर यातलं काहीच पोचत नाही. त्यात पैसे घालू नका, साधा वायरवाला घ्या.

बर्नस्टाइनला माझे आता साडेचार. अर्धा कापला तो दोन सीडींसाठी. मधात उठून बदलावी लागते आणि किंमतही दुपटीला जाते. पण पहिल्यांदाच ऐकणार असाल तर हिच्यापासून सुरू करू नका. संचालक बार्बिरोलीची घ्या. तीही बर्लिनच्याच वाद्यवृंदाची, जानेवारी 1964 ची, एका सीडीत मावणारी, ऊबदार, थोडी कडेला उसवलेली. तीत ट्रॉम्बोन कुठं येतात ते कानात पक्कं बसू द्या. बर्नस्टाइनची पेटी त्यानंतर मागवा, आणि कुरिअर हातात पडल्याबरोबर दोन्ही सीडी शेवटपर्यंत वाजवून बघा, परतीची मुदत संपायच्या आत.