‘पंप गेलाय’ म्हणत १,३३,२०० रुपये काढले, बिघाड रबरी पाइपचा

एक लाख तेहतीस हजार दोनशे रुपये. आणि मूळ दुखणं वीतभर रबरी पाइपचं. ज्यांच्याकडे डिझेलवरची कॅम्पर किंवा मोटरहोम (आत झोपायची सोय असलेली गाडी) आहे त्यांनी वाचा. बाकीच्यांना हसायचं तर हसा, घरचे हसून झालेत.

लक्षणं नेहमीचीच. सपाटीला गाडी ठीक, घाट लागला की दम सोडायची, चेक लाइट लागायचा, मग कितीही ॲक्सिलरेटर दाबा, रखडत चालणार. बंद करून पुन्हा चालू केली की शहाणी. स्कॅनरवर कोड आला पी ००८७, म्हणजे रेलमधलं (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलना डिझेल वाटणाऱ्या नळीतलं) डिझेलचं प्रेशर कमी. का कमी, ते हा कोड सांगत नाही. फिल्टर चोंदलेला असेल, टाकीतली जाळी भरली असेल, सक्शन लाइन (टाकीतून डिझेल ओढणारी नळी) हवा घेत असेल, फीड पंप मंदावला असेल, नोझल रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत, जास्त डिझेल सोडत असतील. एवढं सगळं तपासून झालं की मग रेलमध्ये दाबाने डिझेल ढकलणाऱ्या हाय प्रेशर पंपावर संशय घ्यायचा. आमच्या गॅरेजवाल्याने सुरुवातच तिथून केली. पैसे तिथेच होते ना!

हिशेब घ्या. स्कॅनिंग २,५००. ‘नवा’ हाय प्रेशर पंप ६८,०००. चार नोझल ३८,४००. रेल सेन्सर ९,८००. मजुरी १४,५००. नव्वद हजार यूपीआयने दिले, उरलेले ४३,२०० रोख. पक्कं बिल मागितलं तर “दादा, मग अठरा टक्के वर लागतील”, म्हणजे आणखी २३,९७६. तुम्ही दिले असते? पॅडच्या कागदावर आकडे लिहून दिले त्याने, आणि आता जो तो मलाच विचारतो की बिल का नाही घेतलं.

पण झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीने. तपासताना त्याच्या पोऱ्याने फिल्टरच्या अलीकडे एक पारदर्शक नळी जोडली होती. मी शेजारीच उभा. रेस दिली की पिवळसर डिझेलमधून साबुदाण्याएवढे बुडबुडे रांगेने सरकत होते. पोऱ्या बोललाही, “उस्ताद, हवा घेतेय.” उस्तादाने त्याच्याकडे असं बघितलं की तो पाना आणायला निघून गेला, आणि नळी दोन मिनिटांत उतरली. मी विचारलं तर म्हणे, “फिल्टर उघडला की सुरुवातीला हवा असतेच.” यात खोटं काही नाही, म्हणून तर मला पटलं. हवा असतेच, पण हातपंप मारून इंजिन थोडं चालवलं की ती निघून जायला हवी. इथे बुडबुडे थांबायचं नावच घेत नव्हते! ओळखीतले म्हणतात, तिथेच गाडी उचलून आणायची होतीस. अरे, मला एवढं कळत असतं तर गॅरेजची पायरी कशाला चढलो असतो?

त्यापुढची चलाखी तर बघा. “ट्रायलच्या आधी टाकी फुल करून आणा, नवा पंप कोरडा चालता कामा नये.” केवढी काळजी! माझ्या गाडीत झोपायच्या भागासाठी डिझेल हीटर आहे, आणि तो बसवणाऱ्याने इंजिनच्याच सक्शन लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) मारून डिझेल घेतलं होतं. तिथला पाइप तडकलेला. टाकी भरलेली असली की त्या सांध्यावर डिझेलचा दाब राहतो, हवा आत शिरत नाही, फार तर जरा ओल येते. टाकी उतरली आणि इंजिनला चढावर जास्त डिझेल लागलं की तीच फट हवा ओढते. त्यामुळे ट्रायल झकास झाली. टाकी अर्ध्यावर आली आणि घाटात पुन्हा तोच तमाशा. फोन केला तर “डिझेल खराब भरलंत”. नंतर फोन उचलणंच बंद.

दुसऱ्या मेकॅनिकने पंपाला हातही लावला नाही. बाहेर डिझेलचा कॅन ठेवला, त्यातून थेट फिल्टरला नळी दिली. प्रेशर लगेच जागेवर! मग गाडीखाली शिरून टीचा पाइप काढून दाखवला. नवा पाइप, टी, क्लिपा, मजुरी मिळून ६५०. (हा कॅनचा प्रयोग आधी करायला सांगा. मेकॅनिक नाही म्हणाला तर किल्ली परत घ्या.) बाहेर येताना त्यानेच बोट दाखवलं: माझ्या ‘नव्या’ पंपावरचा चंदेरी रंग पंपावरून बोल्टच्या डोक्यांवर सलग गेला होता, कडेलाही तडा नाही. म्हणजे रंग मारल्यावर बोल्टला पाना लागलेलाच नाही. पंप जागेवरच रंगवला होता! जुना म्हणून पोत्यातून दाखवलेला पंप कुणाचा होता देव जाणे. नोझलचं तेच. नवे बसवले की बऱ्याच इंजिनांत प्रत्येकाचा कोड ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. याने मला सगळं काम झालेलं दाखवलं, कोड भरल्याचा पुरावा मात्र काहीच नाही.

पोलीस चौकीत गेलो. “हा दिवाणी मामला आहे.” मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ काढलं, तर “कलमं आम्हाला शिकवू नका, अर्ज लिहून ठेवा.” अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेले. परिवहन कार्यालयात सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. वर गाडीत डोकावून, हा बेड आरसी बुकात चढवलाय का, हे मात्र आवर्जून विचारलं! फसलो मी, आणि कागद माझेच तपासतात. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. एका तक्रार पोर्टलवर उत्तर आलं की समोरची पार्टी प्रतिसाद देत नाही, सबब तक्रार बंद. प्रतिसाद देत असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?

आता जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं, वकील लागतोच असं नाही. पुरावा मात्र लागतो, आणि दुसरा मेकॅनिक लेखी द्यायला तयार नाही. “मलाही धंदा करायचाय.” तडकलेला पाइप पिशवीत घालून ठेवलाय. गाडी देण्याआधी पंपाच्या नंबरचा फोटो काढा आणि नेलपॉलिशचा ठिपका द्या. पंप खरंच गेला म्हणाले तर जुन्या फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या फडक्यावर ओतायला लावा, धातूचा चुरा दिसतो का बघा. नोझलची रिटर्न टेस्ट बाटल्या लावून डोळ्यांसमोर करून घ्या. आणि कुणाचा पंप नुकताच असा ‘बदलला’ असेल, तर गाडी धुवायच्या आधी बोल्टचे फोटो काढून ठेवा.