ईडी काचेची दुर्बीण सांगून साधी ॲक्रोमॅट गळ्यात मारली, 55,350 रुपये गेले

वापरलेली अपवर्ती (भिंगांची) दुर्बीण ऑनलाइन घेणार असाल तर आधी हे वाचा. जाहिरातीत होतं: '80 मिमी, एफ/6, ईडी डब्लेट, एफपीएल-53 काच, सोबत फ्लॅटनर.' एफ/6 म्हणजे फोकल लेंग्थ भिंगाच्या व्यासाच्या सहापट, ईडी म्हणजे रंगदोष कमी ठेवणारी खास काच, डब्लेट म्हणजे दोन भिंगांची जोडी, एफपीएल-53 ही वरच्या दर्जाची ईडी काच, आणि फ्लॅटनर म्हणजे फोटोच्या कडेपर्यंत तारे नेमके ठेवणारं जोडभिंग. टोकन 5,000, उरलेले 48,500, कुरिअरचे 1,850. सगळे यूपीआयने. पेटीतून निघाली 400 मिमी फोकल लेंग्थची एफ/5 ॲक्रोमॅट, म्हणजे साध्या काचेची, रंगदोष जास्त असलेली स्वस्त दुर्बीण. मूळ लेबल खरवडून 'ईडी'चं स्टिकर डकवलेलं, नख लावताच निघालं. फ्लॅटनर नाहीच.

खोट पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर होती. विक्रेत्याने पाठवलेल्या कृत्तिकांच्या फोटोत प्रत्येक ठळक ताऱ्याला चार किरण होते. अपवर्ती दुर्बिणीत असे किरण येत नाहीत. ते न्यूटोनियनमध्ये, म्हणजे आरशांच्या दुर्बिणीत, येतात, दुय्यम आरसा धरणाऱ्या पट्ट्यांमुळे. म्हणजे फोटो दुसऱ्याच दुर्बिणीचा. तिथेच व्यवहार थांबायला हवा होता. विचारलं तर म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरने टाकलेत, छान दिसतात." असं करणारे लोक खरोखर आहेत, दुर्बिणीपुढे दोरा ताणूनही करतात. मग उत्तर खोटं का वाटावं? जाणकारालाही पटेल असंच उत्तर त्याने तयार ठेवलं होतं, संताप त्याचाच येतो.

म्हणून जेपीईजीवर विश्वास नको. न कापलेली, लहान न केलेली रॉ फ्रेम (कॅमेऱ्यातली मूळ फाइल) मागा आणि प्लेट-सॉल्व्ह करा, म्हणजे सॉफ्टवेअरने तारे नकाशाशी जुळवून एका पिक्सेलमध्ये किती आकाश येतं ते काढा. ते किती यायला हवं याचं सूत्र: 206.265 गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये. 3.76 मायक्रॉनच्या कॅमेऱ्याला जाहिरातीतल्या 480 मिमीवर 1.62 आर्कसेकंद (अंशाचा 3,600 वा भाग) प्रतिपिक्सेल यायला हवेत, 1.94 आले तर नळी 400 मिमीची आहे. रॉ द्यायला टाळाटाळ केली तर फोन ठेवा.

या नळीने फोटो काय येतात? रीगल ताऱ्याभोवती जांभळा गोळा. हिरव्यावर फोकस नेमका केला तरी निळा आणि लाल पसरलेलेच राहतात. बाहतिनोव्ह मास्क (नेमका फोकस दाखवणारं खाचांचं झाकण) लावून लाल आणि निळ्या फिल्टरने वेगवेगळा फोकस घ्या, फोकसरची जागा किती सरकते ते लगेच कळतं. त्यात रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि चाकाचा) फोकसर कॅमेऱ्याच्या वजनाने झुकतो, आणि फ्रेमच्या एका कोपऱ्यातले तारे लांबट होतात. काच एफपीएल-51 (त्यातली स्वस्त ईडी काच) की 53 हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. मूळ बिल आणि अनुक्रमांक नसेल तर 53 चे पैसे मोजू नका.

पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालं, "वस्तू मिळाली ना? मग हा दिवाणी मामला." एक वस्तू कबूल करून दुसरी पाठवणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 मग कशासाठी आहे? पुढे, "खातं परराज्यातलं आहे, तिकडे जा." दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलेलं आहे, ते कलम ठाण्यातच समजावून सांगावं लागलं! बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. दुर्बीण ही चैनीची वस्तू, असा सगळ्यांचा सूर. पैसे कष्टाचेच होते.

शंका येताच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी 1930 वर फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी. पेटी उघडताना न थांबवता व्हिडिओ घ्या. विक्रेत्याला विचारा, फ्लॅटनरपासून सेन्सर किती अंतरावर ठेवता? बहुतेक फ्लॅटनरना 55 मिमी लागतात, आणि खरोखर फोटो काढणाऱ्याला स्वतःचा आकडा पाठ असतो. हा गडी "जवळच ठेवायचा" म्हणाला होता. प्रत्यक्ष बघायला गेलात आणि दिवस असेल, तर उजळ आभाळासमोरच्या विजेच्या तारेवर दुर्बीण लावा. तारेच्या कडेला जांभळी किनार ठळक दिसली, तर टोकनसुद्धा देऊ नका.